काळ्या मातीवरील टर्फ मैदानाचा पाया : कोल्हापूरच्या एका उपनगरातील प्रकरण

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, काही वर्षांपूर्वीपर्यंत उसाखाली असलेली आणि नंतर बिगरशेती करून घेतलेली जमीन तिच्या मालकाने तासाच्या भाड्याच्या टर्फ मैदानासाठी, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानासाठी, वापरायचे ठरवले. संध्याकाळी तालमींच्या संघांतील मुलांचा फुटबॉल आणि रात्री नोकरदारांचे बॉक्स क्रिकेट असा दुहेरी वापर गृहीत धरून ११० फूट लांब व ६५ फूट रुंद मैदान आखण्यात आले. काम मार्चअखेर सुरू होऊन मृग लागण्याच्या आत संपले. ठेकेदाराने वरची सहा इंच माती खरवडून काढली, त्यावर ४० मिलिमीटर खडीचा सहा इंचांचा थर, त्यावर २० मिलिमीटर खडीचे तीन इंच आणि शेवटी दोन इंच ग्रीट (खडीची बारीक कच) पसरून रोलरने दाबून घेतले, आणि त्यावर ५० मिलिमीटर उंचीचे कृत्रिम गवत अंथरून जोड चिकटवले. दरपत्रकात याहून अधिक काही नव्हते आणि मालकाने अधिक काही मागितलेही नव्हते.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत पश्चिम कडेने लांबलचक उंचवटा आला, ईशान्य कोपरा फुगला, गवताचे दोन जोड उकलले आणि जाळीचे काही खांब ओळंब्यातून गेले. चेंडू कडेला गेला की आपोआप मैदानात परत येतो, अशी खेळणाऱ्यांची थट्टा सुरू झाली. पाहणीसाठी आम्हाला बोलावले तेव्हा मालकांनी आधीच सांगून टाकले की पाण्याचा इथे काही प्रश्न नाही : "कितीबी पाऊस पडू दे, थेंब थांबत न्हाई, सगळं मुरतंय." त्यांच्या दृष्टीने ही मैदानाची जमेची बाजू होती. प्रत्यक्षात मैदानाचे सारे दुखणे त्या मुरण्यातच होते.

पाहणीत काय आढळले

उंचवटा किती आला हे सांगायचे तर आधी न हलणारी एक खूण हवी. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि ऑफिसची खोली ही सगळीच त्याच मातीवर उभी असल्याने त्यांपैकी एकही विश्वासाची नव्हती. शेवटी प्लॉटच्या कोपऱ्यातील जुन्या विहिरीचा कठडा निवडला, कारण तिचे दगडी बांधकाम माती आणि मुरूम ओलांडून कातळावर टेकलेले होते. काम संपताना ठेकेदाराच्या माणसाने ऑटो लेव्हलवर (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीच्या यंत्रावर) घेतलेली वाचने मालकांच्या फोनमध्ये शिल्लक होती आणि त्यांत एक वाचन याच कठड्याचे होते, ही मोठी सोय झाली. दर दहा फुटांवर नव्याने पातळ्या घेऊन तुलना केली तेव्हा पश्चिम कडा सुमारे सव्वादोन इंच आणि ईशान्य कोपरा पावणेतीन इंच वर आलेला दिसला. मैदानाचा मध्यही पाऊण इंच वर आला होता, पण तो सर्वत्र सारखाच आल्याने कोणाच्या लक्षात आला नव्हता. पूर्व कडा मात्र जवळजवळ जागची हललेली नव्हती.

या चार आकड्यांचा अर्थ मैदानाबाहेर नजर टाकल्यावर लागला. पश्चिमेला कुंपणाला लागून शेजाऱ्याचा ऊस होता आणि त्याला पाटाने पाणी दिले जात होते, म्हणजे पाऊस नसतानाही त्या बाजूची माती ओलीच राहत होती. शिवाय मूळ खोदाईत तळाचा उतार नकळत पश्चिमेकडे गेला होता, त्यामुळे खडीतून खाली गेलेले सगळे पाणी मातीच्या पृष्ठावरून सरकत त्याच कडेला जाऊन उभे राहत होते. ईशान्य कोपऱ्यात हातपाय धुण्याचा नळ होता; त्याचे सांडपाणी एका शोषखड्ड्यात सोडले होते आणि तो खड्डा मैदानाच्या कडेपासून हाताच्या अंतरावर होता. पूर्वेला शेजारच्या हद्दीत निलगिरीची रांग होती. निलगिरीची मुळे मातीतला ओलावा ओढून घेतात, म्हणून भर पावसाळ्यातही त्या बाजूची माती फुगण्याइतकी भिजली नव्हती. एका बाजूला ऊस पाणी देत होता, दुसऱ्या बाजूला निलगिरी ते काढून घेत होती आणि मधे ६५ फुटांत एकसंध, सपाट राहण्याची अपेक्षा असलेला पृष्ठभाग होता.

पश्चिम कडेला गवत उलटून चाचणीखड्डा घेतला. ग्रीट आणि २० मिलिमीटरची खडी स्वच्छ होती, पण ४० मिलिमीटर खडीच्या तळच्या तीन इंचांत मोकळी जागा उरलेली नव्हती. खडीच्या प्रत्येक तुकड्याभोवती काळा, गुळगुळीत चिखल दाबून बसला होता आणि खडी उचलली की त्याचा साचा मागे राहत होता. त्याखालची माती फावड्याला चिकटून येत होती. साधारण तीन फुटांवर तिचे ढेकूळ हाताने फोडले तर आतल्या फुटीच्या पृष्ठांवर घासून चकाकी आलेली दिसली. माती वर्षानुवर्षे फुगत-आकसत एकमेकांवर सरकत आली असेल तरच अशी चकाकी येते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच निदान पुरेसे स्पष्ट झाले होते. चार फुटांनंतर चुनखडीचे खडे लागले आणि सात फुटांवर पिवळसर मुरूम सुरू झाला.

मातीची परीक्षा

दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाणी गेले की जवळ येतात. ही प्रवृत्ती मोजण्याची सर्वांत स्वस्त चाचणी मुक्त फुगवट्याची आहे, आणि तिच्या साधेपणामुळेच ती टाळली जाऊ नये असे आम्हाला वाटते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन पात्रांतील घनफळाचा फरक रॉकेलमधील घनफळाच्या टक्क्यांत मांडला की तोच फुगवटा. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या ४० व्या भागात ही पद्धत दिली आहे. रस्त्यांच्या कामात ५० टक्क्यांहून अधिक फुगवटा असलेली माती भरावासाठी वापरू नये असा दंडक आहे. या मैदानाच्या मातीचा फुगवटा ८० टक्क्यांच्या घरात निघाला. पश्चिम कडेखालचा ओलावा मध्यापेक्षा बराच जास्त होता आणि पूर्व कडेखाली ऑगस्टमध्येही बारीक भेगा उघड्याच होत्या.

इथे मूळ रचनेचा विचार न्याय्यपणे व्हायला हवा. खडी, ग्रीट आणि गवत हा थरांचा क्रम चुकीचा नाही. जिथे खाली मुरूम, वाळू किंवा जांभा आहे तिथे पाणी सरळ खाली जाऊ देणे हीच उत्तम निचरापद्धत असते, आणि तशा जमिनीवर हीच रचना वर्षानुवर्षे नीट चालते. काळ्या मातीत मात्र पाण्याला खाली दुसरी वाट नसते. ते मातीतच राहते आणि तिला उचलते. खडीचा थर जाड केल्याने यात फरक पडत नाही, कारण फुगणाऱ्या मातीच्या दाबापुढे फूटभर खडीचे वजन नगण्य असते. म्हणून नव्या पायासाठी आम्ही एकच कसोटी ठरवली : गवतातून आलेले पाणी मातीपर्यंत पोहोचता कामा नये, आणि कडेने येणारा किंवा कडेने जाणारा ओलावा शक्य तेवढा अडवला गेला पाहिजे. भार पेलण्याची ताकद हा इथे दुय्यम प्रश्न होता. मैदानावर माणसे पळणार होती, ट्रक नव्हे.

कोणते पर्याय होते

सात फूट माती पूर्ण काढून मुरमापर्यंत जाणे हा निर्धोक उपाय होता, पण एवढा भराव दाबत वर आणण्याचा खर्च मैदानाच्या उत्पन्नाच्या मानाने अवास्तव ठरला असता. चार इंचांचे काँक्रीट टाकून त्यावर गवत घालावे, अशी सूचना मालकांच्या एका परिचिताने केली होती. बाजारात ती लोकप्रिय आहे, कारण पृष्ठभाग पहिल्या दिवशी आरशासारखा मिळतो. परंतु पातळ आणि बिनसळईचे काँक्रीट फुगणाऱ्या मातीवर कडेला उचलले जाते, तडकते, आणि तडकलेल्या जागी पायरी तयार होते. खडीच्या पायावरचा उंचवटा निदान रोलरने थोडा सावरता येतो, ही पायरी सावरता येत नाही. केवळ चुना मिसळून माती स्थिर करण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या चांगला होता, पण दोन-अडीच फूट खोलीपर्यंत एकजीव मिश्रण करणारे यंत्र एवढ्या लहान कामाला परवडणारे नव्हते.

निवडलेला मार्ग या सगळ्यांच्या मधला होता. आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून, फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा मोठ्या प्रमाणात आवरला जातो, हे तत्त्व पुढे आले. कालव्यांच्या अस्तरासाठी ते आयएस ९४५१ मध्ये स्वीकारले गेले आहे. मैदानासाठी त्याचा अर्थ असा की दोन फूट निवडक मुरूम, त्याखाली चुना मिसळलेला मातीचा सहा इंच थर, वर पाणी न जाऊ देणारा पडदा आणि त्यावर निचऱ्याची खडी. कालव्यांसाठी याहून जाड थर सुचवला जातो. इथे पडदा असल्यामुळे आणि कडा स्वतंत्रपणे बंद करायच्या असल्यामुळे दोन फुटांवर थांबण्याचा निर्णय घेतला.

काम कधी करायचे यावर मात्र मालकांशी बराच वाद झाला. उन्हाळ्यापर्यंत मैदान तसेच चालवावे आणि सुट्टीचा हंगाम संपल्यावर मे महिन्यात काम घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. मे महिन्यात काळी माती सर्वाधिक कोरडी, सर्वाधिक आकसलेली आणि खोल भेगाळलेली असते. त्या अवस्थेत तिच्यावर पाया घातला तर पुढे तिला जाण्यासाठी एकच दिशा उरते, ती म्हणजे वर. पहिल्या कामातही हेच झाले होते. त्यात भर म्हणून उघड्या खोदाईवर वळवाचा पाऊस पडून भेगांमधून पाणी खोलवर गेले होते. परतीचा पाऊस ओसरल्यानंतर, म्हणजे दिवाळीच्या पुढे, मातीचा ओलावा मधल्या पातळीवर येतो आणि झाकल्यानंतर तो फारसा बदलत नाही. याच काळात साखर कारखान्यांचे गाळप सुरू होऊन ट्रॅक्टर आणि चालक दोन्ही मिळेनासे होतात, ही अडचण खरी होती; तरीही ती पत्करून नोव्हेंबरमध्ये काम सुरू केले.

प्रत्यक्ष काम

गवत फाडून न टाकता जोड कापून गुंडाळले. त्यातील सिलिका वाळू आणि रबराचे दाणे आधी ब्रशने झाडून गोणपाटात भरले. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते न केल्यास गुंडाळी उचलताच येत नाही. पश्चिम कडेची एक पट्टी ताणून निकामी झाली होती, बाकीचे गवत पुन्हा वापरता आले. चिखल बसलेली ४० मिलिमीटर खडी पार्किंगखाली टाकली.

खोदाई मैदानाच्या मापाची न करता चारी बाजूंनी पाच-पाच फूट वाढवून १२० बाय ७५ फुटांची केली, कारण ओलाव्याची सारी उलथापालथ कडेच्या पट्ट्यात होते आणि ती पट्टी खेळाच्या रेषेबाहेर ढकलणे हाच तिच्यावरचा स्वस्त इलाज आहे. तळाला लांबीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना एक टक्का उतार दिला, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सुमारे साडेचार इंच. तळ अजून ओलसर होता आणि रोलरखाली लाटेसारखा हलत होता. त्यावर कोरड्या मातीच्या वजनाच्या चार टक्के, म्हणजे साधारण सात टन, विरवलेला चुना पसरून उसाच्या शेतात चालणाऱ्या रोटाव्हेटरने सहा इंच खोलीपर्यंत मिसळला. चुन्याचे प्रमाण अंदाजाने ठरवले नव्हते; मातीत वाढत्या प्रमाणात चुना घालून सामू (पीएच) १२.४ वर स्थिरावतो तिथपर्यंत जाण्याची चाचणी केली होती. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून ठेकेदाराने तो सुचवला, पण तो ओल्या मातीत तापतो आणि मजुरांच्या हातापायांना व डोळ्यांना इजा करतो, त्यामुळे नाकारला. एक रात्र मुरू दिल्यावर लोण्यासारखी चिकट माती दाणेदार, भुसभुशीत झाली आणि हलका रोलर तिच्यावर न रुतता फिरला.

दोन फूट मुरुमासाठी दाबलेला भराव १८० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि सैल मापाने सुमारे २४० ब्रास लागला. गौण खनिजाचा परवाना व स्वामित्वधनाची पावती पाहिल्याशिवाय एकही डंपर उतरवून घ्यायचा नाही, हे मालकांनी स्वतः पाळले. दोन खाणींचे नमुने तपासले. दिसायला चांगला, लालसर असलेला पहिला मुरूम पाण्यात ठेवल्यावर लगद्यासारखा झाला. दुसऱ्याची द्रवमर्यादा, म्हणजे माती पातळ होऊन वाहू लागते त्या ओलाव्याची टक्केवारी, ३० ते ५० च्या मध्ये आणि फुगवटा किरकोळ निघाल्याने तो घेतला. सैल आठ इंच पसरून दाबल्यावर सहा इंच असे चार थर झाले. प्रत्येक थराची घनता वाळूभरण पद्धतीने (थरात खड्डा घेऊन त्याचे घनफळ वाळू भरून मोजून) तपासून प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९७ टक्के आल्यावरच पुढचा थर टाकला. शेवटी भरलेला डंपर चालत्या गतीने संपूर्ण पृष्ठावरून फिरवला. कुठे चाकाशेजारची जमीन उचलते का हे पाहायला माणूस डंपरच्या बाजूने वाकून चालत राहतो. वायव्य कोपऱ्यात ती उचलली, तेव्हा तेवढा भाग उकरून पुन्हा भरला.

कडांसाठी पश्चिमेला चार फूट खोल अरुंद चर काढून त्यात जाड प्लॅस्टिकचा उभा पडदा सोडला आणि चर सिमेंट मिसळलेल्या मुरुमाने भरला, जेणेकरून पाटाच्या पाण्याचा ओलावा मैदानाखाली सरकणार नाही. पूर्वेला असाच पडदा निलगिरीच्या मुळांसाठी घातला. झाडे शेजाऱ्याची असल्याने ती तोडण्याचा विषयच नव्हता. नळ मैदानापासून दूर हलवून त्याचे सांडपाणी शोषखड्ड्याऐवजी बंद पाइपने गटारात सोडले. सर्व कामात सर्वांत कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत उपयोगी दुरुस्ती हीच असावी.

मुरुमावर पाणी न झिरपणारा पडदा आणि खडीच्या टोकांनी तो फाटू नये म्हणून वर न विणलेले जिओटेक्स्टाइल, म्हणजे जाडसर कृत्रिम कापड, अंथरले. दोन्ही लांब बाजूंना त्याच पडद्याच्या खळग्यात १०० मिलिमीटर व्यासाचे छिद्रांचे पाइप घालून ते तपासणी चेंबरमार्गे रस्त्याच्या गटाराला जोडले. गटाराची पातळी आधी मोजली होती. पंचगंगेला पूर आला की शहराच्या या भागात गटारे उलटी वाहतात, हे २०१९ आणि २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले आहे. जागा पूररेषेबाहेर असली तरी गटारातून पाणी मागे येऊ शकते, म्हणून पाइपच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली. पाइपचा आकार ठरवताना तासात ५० मिलिमीटर पाऊस धरला. या मैदानावर तो सुमारे ३३ हजार लिटर पाणी टाकतो, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल इतके. त्यावर चार इंच धुतलेली २० मिलिमीटर खडी आणि एक इंच ग्रीट. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर तिच्याखाली दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये, हा फिफाच्या दर्जाचा निकष इथे पाळणे बंधनकारक नव्हते. तरी तो धरला, कारण ठेकेदाराशी वाद घालताना मोजता येणारी गोष्ट हाताशी असलेली बरी.

खांबांचे मूळ पाये अडीच फूट खोल होते आणि त्यांचे खड्डे खडीने भरलेले असल्याने प्रत्येक खड्डा पाणी साठवून भोवतालच्या मातीला पाजत होता. नवे खांब सात फुटांखालच्या मुरुमात शिरलेल्या काँक्रीटच्या गोल खुंट्यांवर उभे केले. काळ्या मातीत घर बांधताना असा पाया घ्यायचा हे इथल्या कोणत्याही गवंड्याला माहीत असते. मैदान म्हणजे नुसते गवत, अशा समजुतीने ते इथे कोणाला सुचले नव्हते.

पावसाळ्यानंतरची वाचने

काम जानेवारीत संपले. मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर त्याच विहिरीच्या कठड्यावरून त्याच दहा-दहा फुटांवरच्या जागी पातळ्या घेतल्या. पश्चिम कडेचा उंचवटा सहा मिलिमीटरच्या आत राहिला, ईशान्य कोपरा आणि मध्य यांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. जुलैच्या संततधारेत दोन्ही चेंबरमधून पाणी सतत वाहत होते आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात मैदान खेळण्यायोग्य होत होते. पश्चिमेच्या चेंबरमध्ये मात्र शेजारच्या रानातून वाहून आलेला गाळ साचला, कारण त्याचे झाकण जमिनीच्या पातळीत ठेवले होते. ते सहा इंच उचलून घेतले.

पुढच्या मे महिन्यातील वाचनात पूर्व कडा नऊ मिलिमीटर खचलेली आढळली. सरळ पट्टीच्या निकषात ती बसते, पण दिशा स्पष्ट आहे : चार फुटांचा पडदा निलगिरीच्या सगळ्या मुळांना अडवत नाही, काही त्याखालून जात असावीत. शेजाऱ्याच्या संमतीने पडद्याबाहेरची मुळे तीन फूट खोलीपर्यंत छाटण्याचे आणि त्या बाजूची वाचने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, घेत राहण्याचे ठरले आहे. खचण्याचे प्रमाण एका उन्हाळ्यात पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेले तर पूर्वेकडील पंधरा फुटांचे गवत उचलून ग्रीटची भर घालावी लागेल. त्यासाठी त्या पट्टीचा जोड चिकटवताना तो स्वतंत्रपणे उघडता येईल असाच ठेवला आहे.